जळालेली तार

जालन्यात, मंठा चौफुलीच्या अलीकडे,
खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान, वडिलांचं.
वर पत्र्याची खोली, आमची कंपनी.
तीन खुर्च्या (तिसरी येणाऱ्यासाठी), एक इन्व्हर्टर,
आणि बियाणं कंपनीचं कॅलेंडर,
ज्यावर मुदस्सिर रोज एक आकडा लिहितो:
पैसे संपायला एकशे बारा दिवस.

लोकांचे सर्व्हर सांभाळायचं अवजार बनवतो आम्ही.
कुठलं मशीन कुठल्या क्लाउडमध्ये
रात्रभर उगं चालू राहिलंय,
कोण बिल वाढवतंय, ते दाखवणारं.
वडील एकदाच बोलले त्यावर,
"ढगाची देखरेख? जालन्यात?
बघ बाई. इथले लोक ढगाला चांगले ओळखून हायेत."

पहिले सहा महिने साहेब लोकांकडे गेलो.
पुण्यात, काचेच्या खोल्यांत,
बेचाळीस स्लाइडी घेऊन.
चहा बशीसकट आला. माना डोलल्या.
एका ठिकाणी सहीसुद्धा झाली.
आणि ज्या पोरांनी ते वापरायचं
त्यांनी दुसऱ्या दिवशी टॅब बंद केला.
कुणी भांडलंही नाही.

मग परभणीहून मेसेज आला, रात्री सव्वादोनला.
अनुरथ टेकाळे. नाव कधी ऐकलेलं नव्हतं.
"तुमच्या डॉक्युमेंटमधली चौथी स्टेप खोटी हाय.
तशीच केली, माझे दोन सर्व्हर उडाले.
कामून येड्यात काढायलेत लोकायला?"

मुदस्सिर म्हणाला, सकाळी बघू,
जरा गोड भाषेत लिहू.
मी पाणी आणायला खाली उतरले.
फळीवर उद्याच्या गिऱ्हाइकाची मोटार,
तिच्या शाफ्टला बांधलेली पिशवी,
पिशवीत जळालेली तार.
वडील ती कायम परत देतात.
तांब्याचा भाव केवढा, बाकीचे ठेवून घेतात.
हे देतात, वजन करून,
काळी पडलेली, वार्निशचा वास मारणारी.
लहानपणी विचारलं होतं मी, कशाला?
"त्याला दिसू दे ना काय जळालं ते.
आपण किती भरलं, तेबी मोजू दे.
अन् उद्या दुसऱ्याकडं न्यायची तर नेऊ दे."

वर जाऊन फोन लावला.
मागे कुत्रं भुंकत होतं, पंखा खडखडत होता.
माफी मागायला गेले तर म्हणाला,
"ते ऱ्हाऊ द्या. लॉग दाखवा."
पाचपर्यंत आम्ही तिघं एकाच स्क्रीनवर.
चूक माझीच. एक अट उलटी लिहिलेली.
बोट त्यानं ठेवलं.

उजाडल्यावर ती चूक लिहून टाकली,
माझ्या नावानिशी, सगळ्यांना दिसेल अशी:
काय जळालं, किती वाजता, कुणाच्या हातून.
चौथी स्टेप नव्यानं लिहिली, त्याच्या शब्दांत.
आणि एक कमांड जोडली, जी मुदस्सिरला अजून खुपते:
एका ओळीत आपलं सगळं उचलून
आम्हाला सोडून जाता येईल अशी.
"दाराला कडीच ठेवली नाहीस तू."
मी म्हटलं, कडी आतल्याच्या हातात असते.
फार शहाणं उत्तर नव्हतं ते. झोप झालेली नव्हती.

पंधरा दिवस अनुरथ एकटाच होता.
मग त्याचा सेलूचा मित्र.
मग वाळूजची कोणी तस्नीम,
जिनं सगळ्यात आधी सोडून जायची कमांड चालवून पाहिली,
आणि ती चालली, म्हणून राहिली.

परवा पुण्याच्या साहेबांचा फोन.
"आमची पोरं तुमचंच मागतायत.
कोणता सेल्समन पाठवला होता?"
काय सांगणार.

कॅलेंडरवर आज एकसष्ट.
आकडा खालीच चाललाय, हेही लपवत नाही.
रात्रीचे दीड. सेलूच्या पोरानं नवी चूक पाठवलीय,
दोन शिव्या लावून.
मुदस्सिर चहा ठेवतोय.
मी तिसरी खुर्ची पुसून ओढून घेते,
लॅपटॉप तिच्याकडे वळवते,
आणि वाचते त्या शिव्या पुन्हा एकदा, सावकाश.